जांभ्याखालचा काळा थर, काळे शेल आणि समोरचा अरबी समुद्र

कातळवाट (धागाकर्ता)

रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावर, विहीर पाडायला घेतली की थरांचा क्रम जाणत्या माणसाला तोंडपाठ असतो. वर कडक जांभा, खाली मऊ होत गेलेला जांभा, मग पांढरी-गुलाबी चिकण माती. काही ठिकाणी मात्र त्या मातीच्याही खाली निळसर काळा चिखल लागतो. त्यात काळी पडलेली लाकडं, सालींचे तुकडे, कधी पिवळे चमकदार दाणे निघतात. लगेच फोटो फिरायला लागतात आणि खाली दोन तऱ्हेची मतं येतात: "कोळसा लागला, आता खाण होणार" आणि "तेल असेल, लपवतायत". दोन्हींमुळे लोक उगाच आशेला लागतात किंवा उगाच घाबरतात, म्हणून सविस्तर लिहितो.

हा थर नवा नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नोंदींत १८७१ साली विल्किन्सन यांचं दक्षिण कोकणाच्या भूरचनेवरचं टिपण आलं, तेव्हापासून जांभ्याखालची ही माती आणि त्यातला लिग्नाइट (कच्चा, तपकिरी कोळसा) अभ्यासकांना ठाऊक आहे. पुढे यातले परागकण वेगळे करून पाहिले गेले. थराला सिंधुदुर्ग फॉर्मेशन (फॉर्मेशन म्हणजे एकत्र ओळखला जाणारा थरांचा गट) असं नाव मिळालं आणि वय ठरलं मायोसीन, म्हणजे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या दरम्यानचं. मला यातली सगळ्यात आवडती नोंद कुलकर्णी आणि फडतरे यांची, १९८० सालची. त्यांना रत्नागिरीच्या लिग्नाइटमध्ये निपा या ताडाच्या पानाची बाह्यत्वचा मिळाली. निपा खाडीच्या तोंडाशी, भरतीच्या चिखलात वाढतो. आज भारतात तो बघायला सुंदरबन किंवा अंदमान-निकोबारला जावं लागतं. तेव्हा तो आपल्याकडे होता. म्हणजे आज जिथे कोरडा सडा आहे, त्याच्या पोटात एक जुनी खाडी आहे.

आता हा काळा थर आणि पुस्तकातले 'काळे शेल' यांचं नातं. शेल म्हणजे अतिबारीक गाळ दाबला जाऊन झालेला, पापुद्रे सुटणारा खडक. साध्या शेलमध्ये सेंद्रिय कार्बन बहुधा १ टक्क्याच्या आत असतो. तो एक-दोन टक्क्यांच्या वर गेला की खडक काळा दिसू लागतो. काही काळ्या शेलमध्ये तो १० टक्क्यांच्याही पुढे जातो. समुद्राच्या पृष्ठभागावर सूक्ष्म वनस्पती जेवढं सेंद्रिय द्रव्य तयार करतात, त्यातला शंभरात एक भागही तळाच्या गाळात कायमचा गाडला जात नाही. बाकीचं वाटेत किंवा तळाशी खाल्लं जातं. त्यामुळे काळा खडक हातात आला की मी आधी हे विचारतो की हे खाणारे कुठे गेले होते.

खाणारे म्हणजे मुख्यतः जिवाणू. त्यांना श्वसनासाठी काहीतरी लागतं. प्राणवायू असेल तोवर तोच वापरतात, कारण त्यातून ऊर्जा सर्वात जास्त मिळते. तो संपला की नायट्रेट, मग मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडं, मग सल्फेट आणि सगळ्यात शेवटी मिथेन तयार करणाऱ्यांची पाळी येते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं, त्यामुळे सागरी गाळात ही सल्फेटची पायरी फार मोठी असते. तिच्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, तो गाळातल्या लोहाशी जुळतो आणि शेवटी पायराइट बनतो. विहिरीतले ते पिवळे दाणे म्हणजे हेच. सोनं नव्हे.

रत्नागिरीचा थर मी काळे शेल म्हणणार नाही. त्यातला कार्बन मुख्यतः लाकूड-पानांचा, जमिनीवरून वाहून आलेला आहे आणि खडक अजून पुरता घट्ट झालेला नाही. 'सेंद्रिय चिखल आणि लिग्नाइट' हे त्याचं सरळ वर्णन. पण पुरलं जाण्याची, प्राणवायू तुटण्याची आणि गंधक अडकण्याची प्रक्रिया तीच आहे. प्रश्न असतील ते विचारा.

देवबागचो झील

आमच्या हयसर खाजनात खड्डो मारलो काय असोच काळो चिखल. वास कुजलेल्या अंड्यासारखो. ता पण शेल होताला काय?

कातळवाट

@देवबागचो झील, होईल, पण त्याला लाखो वर्षं तो गाडलेला राहिला पाहिजे. तुमच्या खाजणातला काळा रंग दोन गोष्टींचा आहे. कार्बन आहेच, शिवाय लोहाचं एक कच्चं सल्फाइड आहे ज्याचा रंग गडद काळा असतो. म्हणून तो चिखल उन्हात पसरला की तासाभरात वरचा थर करडा-तपकिरी पडतो; सल्फाइड हवेनं बदललं, कार्बन मात्र तसाच राहिला. खाजणात तिवर-कांदळाची मुळं, भरतीचं सल्फेट आणि नदीनं आणलेलं जांभ्याचं लोह असं तिन्ही एकत्र येतं. पायराइट व्हायला याहून सोयीची जागा मिळणार नाही.

सुरंगी

छान धागा. एक विचारते, काळं दिसलं की ते कार्बनच कशावरून? आमच्याकडे भाट्याच्या बाजूला वाळूतही काळे पट्टे असतात. आणि बेसाल्ट तर काळाच. घरच्या घरी ओळखता येईल का?

कातळवाट

@सुरंगी ताई, वाळूतले काळे पट्टे म्हणजे इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट. बेसाल्टमधले जड कण लाटा निवडून ठेवतात, हलके कण निघून जातात. चुंबक फिरवा, मॅग्नेटाइट लगेच चिकटेल. बेसाल्ट जड असतो, नखानं ओरखडा पडत नाही. जांभ्याच्या भेगांत कधी मँगनीजचा काळा लेप असतो. त्यावर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की क्षणात फेस येतो. सेंद्रिय काळी माती हलकी, हाताला काळं लावणारी. तिचा वाळवलेला चिमूटभर भाग पत्र्यावर लालबुंद होईपर्यंत तापवा. कार्बन जळून जाईल आणि मागे करडी किंवा विटकरी माती उरेल. हे उघड्यावर करा, गंधकाचा धूर येतो.

उरणकर

मी निवृत्त आहे. नोकरीचा बराच काळ समुद्रातल्या रिगवर मड लॉगिंगमध्ये, म्हणजे खोदताना वर येणारा चिखल आणि खडकाचे तुकडे तपासण्यात गेला. तेलाचा विषय निघालाच आहे तर माझं थोडं.

मुंबईसमोरच्या समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचा शोध १९७४ साली 'सागर सम्राट' या रिगवरून लागला, हे सगळ्यांना माहीत असतं. ते तेल ज्या खडकातून निघतं तो मायोसीनचा चुनखडक. पण तो फक्त साठवणारा. तेल तयार झालं ते त्याच्या खूप खाली, आजूबाजूच्या खोल भागांत साचलेल्या पन्ना फॉर्मेशनच्या काळ्या शेलमध्ये आणि कोळशाच्या थरांत, पॅलिओसीन ते सुरुवातीच्या इओसीन, म्हणजे मायोसीनच्या बऱ्याच आधीच्या काळातल्या. लोक विचारतात मुंबई हायला तेल का, त्याचं उत्तर या काळ्या शेलमध्ये आहे.

आम्ही शेल शेकरवरून (वर आलेला चिखल गाळणाऱ्या हलत्या चाळणीवरून) कटिंग्ज, म्हणजे खोदताना तुटलेले खडकाचे तुकडे उचलायचो, धुवायचो, सूक्ष्मदर्शकाखाली आणि मग अतिनील दिव्याखाली धरायचो. चुनखडकात तेल असलं की पिवळसर-सोनेरी चमक दिसते. काळा शेल दिव्याखाली बहुतेक वेळा मख्ख असतो, द्रावक टाकल्यावर थोडं दुधाळ काहीतरी सुटतं. पण नवीन पोरांना मी तेव्हाही सांगायचो की हा कंटाळवाणा दिसणारा तुकडा नीट नोंदवा, सगळं यातूनच आलंय.

तेल होण्यासाठी तापमान साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस लागतं. रत्नागिरीचा थर विहिरीच्या खोलीवर आहे, तो कधी तापलाच नाही. त्यात तेल असण्याचा प्रश्न येत नाही. शिवाय लाकडी द्रव्यापासून तेलापेक्षा वायू जास्त निघतो. तेल मिळतं ते शैवाल आणि त्यांच्यासारख्या स्निग्ध द्रव्यापासून.

कातळवाट

@उरणकर काका, मनापासून आभार. यात एक भर. १९३४ साली आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं खनिज तेलात आणि अशा खडकांत पॉर्फिरिन शोधले आणि ते हरितद्रव्याचे अवशेष आहेत हे दाखवलं. हरितद्रव्याच्या मधला मॅग्नेशियम जाऊन त्या जागी व्हॅनेडियम किंवा निकेल बसलेला असतो. तेल सजीवांपासून आलं, याचा रेणूच्या पातळीवरचा तो पहिला भक्कम पुरावा होता.

रसायनी

व्हॅनेडियमचं नाव आलं म्हणून राहवलं नाही. काळ्या शेलमधला माझा सगळ्यात लाडका भाग धातूंचा आहे.

मॉलिब्डेनम घ्या. भूकवचात तो दशलक्षात एक-दीड भाग. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे १० मायक्रोग्रॅम, आणि प्राणवायू असलेल्या पाण्यात तो इतका निवांत विरघळून राहतो की लाखो वर्षं बाहेर पडत नाही. पण पाण्यात हायड्रोजन सल्फाइड साचला की मॉलिब्डेटमधले ऑक्सिजन एकेक करून गंधकानं बदलले जातात. हे झालं की तो कणांना चिकटतो आणि गाळात जातो. त्यामुळे काळ्या शेलमध्ये मॉलिब्डेनम दशलक्षात दहा, पन्नास, शंभर भागांपर्यंत चढलेला दिसतो. युरेनियमचं वागणं थोडं वेगळं: त्याला सल्फाइड साचायची गरज नाही, प्राणवायू संपून लोह क्षपण होऊ लागलं की तो सहा संयुजेवरून चारवर येतो आणि गाळात अडकतो. म्हणून ज्या शेलमध्ये युरेनियम वाढलेला पण मॉलिब्डेनम फारसा नाही, तिथे तळाशी प्राणवायू नव्हता, पण वरच्या पाण्यात सल्फाइडही नव्हतं, असं वाचता येतं. दोन्ही चढलेले असतील तर पाण्यातच सल्फाइड होतं.

पायराइटचा आकारही बोलतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या बारीक स्फटिकांचे गोल पुंजके दिसतात. सगळे पुंजके पाचेक मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतले आणि एकसारखे असतील, तर ते पाण्यातच तयार होऊन खाली पडलेत. मोठे, लहान, मिश्र असतील तर ते गाळात सावकाश वाढलेत.

आणि कार्बन-गंधक गुणोत्तर. आजच्या साध्या, प्राणवायू असलेल्या सागरी पाण्याखालच्या गाळात ते २.८ च्या आसपास येतं. गोड्या पाण्यात सल्फेट फार थोडं, म्हणून तिथे कार्बन कितीही असला तरी पायराइट कमीच होतो आणि गुणोत्तर कितीतरी वर जातं. रत्नागिरीच्या विहिरींतले नमुने कुणी तपासले तर निपाच्या खाडीत भरतीचं पाणी कुठवर येत होतं, हे परागकणांखेरीज या मार्गानंही पाहता येईल.

सुरंगी

@रसायनी, म्हणजे खडक बघून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पाण्यातला प्राणवायू सांगता येतो? हे माहीतच नव्हतं.

रसायनी

हो ताई, आणि वयसुद्धा. मॉलिब्डेनमबरोबर ऱ्हेनियम हा दुर्मीळ धातूही काळ्या शेलमध्ये अडकतो. त्याचं एक समस्थानिक ऑस्मियममध्ये बदलतं, अर्धायुष्य जवळजवळ ४,१६० कोटी वर्षं. एरवी गाळाच्या खडकाचं थेट वय काढणं फार अवघड, कारण त्यातले कण कुठल्या तरी जुन्या खडकाचे असतात. इथे मात्र ऱ्हेनियम त्या गाळासोबतच आलेला आहे. विंध्य खडकांतल्या बिजयगढ शेलचं वय असंच काढलं, सुमारे १२१ कोटी वर्षं. त्याच शेलशी निगडित पायराइट बिहारमध्ये अमझोरला खाणीतून काढत असत, गंधकाम्लासाठी.

खाडीपल्याड

थोडा वेगळा मुद्दा मांडतो. धाग्यात प्राणवायू नसण्यावर सगळा भर आहे. माझ्या वाचनाप्रमाणे हे प्रकरण इतकं सरळ नाही, आणि त्यावरचा वाद नेमका आपल्याच किनाऱ्यावरून झालेला आहे.

अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ नाही. जगातल्या सगळ्यात तीव्र आणि जाड अशा पट्ट्यांपैकी हा एक. हा पट्टा आपल्या खंडान्त उताराला (किनाऱ्यालगतचा उथळ तळ संपून खोल समुद्राकडे जाणाऱ्या उताराला) जिथे टेकतो, तिथल्या गाळात सेंद्रिय कार्बन काही टक्क्यांपर्यंत चढलेला आहे. १९९२ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या पारोपकारी आणि सहकाऱ्यांनी मांडलं की कारण प्राणवायूचा अभाव हेच आहे. पुढे १९९५ मध्ये कॅल्व्हर्ट, पेडरसन आणि मंडळींनी त्याच उतारावरचे नमुने घेऊन उलट मत मांडलं. कार्बन जास्त असलेला पट्टा आणि प्राणवायू नसलेला पट्टा तंतोतंत जुळत नाहीत, दोन्हीकडच्या सेंद्रिय द्रव्याची प्रत सारखीच आहे, आणि वरून किती पडतं, गाळ किती बारीक आहे, प्रवाह तो कुठे नेऊन टाकतात, यांनी बराच हिशेब लागतो, असं त्यांचं म्हणणं.

कातळवाट

@खाडीपल्याड, हा मुद्दा यायलाच हवा होता. मी स्वतः दोन्हींच्या मधे उभा आहे, पण मधे म्हणजे गुळमुळीत नाही. पुरवठा भरपूर नसेल तर प्राणवायू संपतच नाही, म्हणजे दोन कारणं मुळात जोडलेली आहेत. वरून जास्त पडतं, ते खाताना प्राणवायू संपतो, प्राणवायू संपला की तळाच्या लोह-ऑक्साइडांवर बसलेला फॉस्फरस सुटतो, तो परत वर गेला की आणखी वाढ. बारीक चिकणमातीच्या पापुद्र्यांत अडकलेला कार्बन जिवाणूंना सहज मिळत नाही, हेही तितकंच खरं. शिवाय वेग असतो: गाळ फार हळू साचला तर कार्बनला खाणाऱ्यांपुढे फार काळ उघडं राहावं लागतं, आणि फार वेगानं साचला तर चिखलाच्या भरीत कार्बनचा टक्का उतरतो. कोकणच्या नद्या छोट्या, पण पावसाळ्यात गढूळ. म्हणून किनाऱ्याजवळ कार्बन पातळ होतो आणि पलीकडे उतारावर चढतो, असं मला वाटतं.

आणि हे सगळं फक्त खोल समुद्रापुरतं नाही. पावसाळ्यात खालचं कमी प्राणवायूचं पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ मंचावर चढतं. वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड पाण्याचा थर बसतो, तो ढवळणं अडवतो. मग पावसाळ्याच्या शेवटाला किनाऱ्याजवळच्या तळाशी प्राणवायू संपतो. नकवी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या या स्थितीत हायड्रोजन सल्फाइड सापडल्याचं आणि नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात सुटत असल्याचं लिहिलं. खतं-सांडपाण्यातलं नायट्रोजन समुद्रात जाऊन हे वाढतंय, ही त्यातली चिंता. काळा शेल वाचायला शिकणं मला यासाठीही महत्त्वाचं वाटतं. आपल्या ताटातली मासळी ज्या पाण्यातून येते, त्याच पाण्याचा हा विषय आहे.

गिरगावकर

मुंबईबद्दल कुणीच लिहिलं नाही. मुंबई कोकणातच आहे. वरळी आणि मलबार हिलच्या बेसाल्टमध्ये लाव्हाच्या दोन थरांमधे साचलेले काळे शेल होते. त्यातल्या छोट्या बेडकांचे सांगाडे इतके प्रसिद्ध की त्या थरांना 'बेडूकथर' म्हणत. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्या बेडकाचं वर्णन केलं. आज त्याला इंडोबॅट्राकस म्हणतात. कासवंही मिळाली. आता त्यावर इमारती आहेत.

माझा प्रश्न असा. मोठ्या ज्वालामुखी उद्रेकांमुळे जगभर समुद्रात प्राणवायू संपून काळे शेल साचले, असं वाचलंय. मग दख्खनचा एवढा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला, त्यानं का नाही झालं?

कातळवाट

@गिरगावकर, सुरेख प्रश्न. १९७६ मध्ये श्लँगर आणि जेन्किन्स यांनी 'सागरी प्राणवायुहीन घटना' ही कल्पना मांडली. ९.४ कोटी वर्षांपूर्वीच्या घटनेचा इटलीतला काळा थर सगळ्यात गाजलेला, आणि तिचा संबंध कॅरिबियन भागातल्या लाव्हाशी जोडतात. १८.३ कोटी वर्षांपूर्वीची घटना दक्षिण आफ्रिका आणि अंटार्क्टिकातल्या कारू-फेरार लाव्हाशी. पण लाव्हा एकटा पुरत नाही. ९.४ कोटी वर्षांपूर्वी जग अतिशय उष्ण होतं, समुद्रपातळी खूप वर, उथळ समुद्र जागोजाग पसरलेले, अटलांटिकची खोरी अरुंद आणि बंदिस्त. दख्खनच्या वेळेला जग थंड झालं होतं आणि अटलांटिक रुंद झाला होता. त्यामुळे जगभर पसरलेला तसा काळा थर दिसत नाही.

दख्खननं आपल्याला काळे शेल दुसऱ्या वाटेनं दिले. लाव्हाच्या सुमारास आणि त्यानंतर सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला, किनारा खचला, खोलगट खोरी तयार झाली. त्या खोऱ्यांत पन्ना फॉर्मेशन साचलं. उरणकर काकांचा तो मख्ख तुकडा थेट या घडामोडीतून आलाय. आणि लाव्हाच्या थरांमधली तुमची बेडकांची तळी ही त्याच काळातली जमिनीवरची बाजू.

भाट्येकर

वाचतोय, फार माहिती मिळाली. पण माझं अडलंय ते वेगळंच. आमच्या विहिरीतून असा काळा चिखल बराच निघालाय. माडांच्या बुंध्यात टाकावा का? "सेंद्रिय आहे, खत होईल" असं एक जण म्हणाला.

रसायनी

कृपा करून टाकू नका, आधी तपासा. पायराइट जमिनीखाली पाण्यात असतो तोवर निरुपद्रवी. हवा आणि पाऊस दोन्ही मिळाले की तो गंजतो आणि गंधकाम्ल होतं. एक किलो पायराइट पूर्ण गंजला तर साधारण १.६ किलो आम्ल. मातीचा सामू (pH) ४ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळतो आणि मुळं मरतात. ढिगावर फिकट पिवळे डाग दिसू लागले, खालून वाहणारं पाणी तांबडं झालं, आजूबाजूचं गवत जळलं, तर तेच चाललंय असं समजा.

हिशेब असा: एक टन मातीत पायराइटमधलं गंधक १ टक्का असेल तर सगळं आम्ल मारायला ३१ किलो चुनखडी लागते. विझवलेला चुना वापरला तर २३ किलो. आपल्याकडे शिंपल्यांचा ढीग सहज मिळतो, पण अख्ख्या शिंपल्या टाकून भागत नाही. त्यांच्यावर लोहाचा तांबडा लेप बसतो आणि आतला चुना कामाचा राहत नाही. कुटून घाला, आणि चिखलात मिसळून घाला.

भाट्येकर

धन्यवाद. तपासायला कुठे आणि कसं द्यायचं? ढीग पावसात भिजतोय.

कातळवाट

@भाट्येकर, आज ढिगावर ताडपत्री टाका आणि भोवती चर काढून त्याचं पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाणार नाही असं करा. जागा असेल तर तो परत खड्ड्यात, पाण्याच्या पातळीखाली पुरणं सगळ्यात उत्तम. नमुना ढिगाच्या आतून घ्या, वरचा नको, तो आधीच हवेनं बदललाय. प्लास्टिकच्या पिशवीत भरून सगळी हवा दाबून काढा, घट्ट बांधा, फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर पोचवा. कृषी विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या माती प्रयोगशाळेत नुसता सामू मागू नका. ताज्या चिखलाचा सामू बहुधा चांगलाच येईल आणि फसगत होईल. पेरॉक्साइड घालून, म्हणजे पायराइट मुद्दाम गंजवून, त्यानंतरचा सामूही मागा. तो ३ च्या खाली घसरला तर माडांपासून दूर ठेवा. ही चाचणी तीव्र पेरॉक्साइडनं करतात, अंगावर उडालं तर भाजतं, त्यामुळे ती घरी नको. निकाल आला की आकडे इथे टाका, चुना किती लागेल ते बसून काढू.